कुकरवरची तिसरी पायरी

कॅल्क्युलेटर दोन हजार तीनशे दहावर थांबला आणि मी चक्क टाळी वाजवली.

"सर, तुटली! एकदाची तुटली!"

मधली सुट्टी होती. प्रयोगशाळेत मी आणि गवस सर, दोघंच. सर खिडकीपाशी डबा खात होते. टेबलावर माझं यंत्र घरघरत होतं. जुन्या जीपच्या वायपरची मोटर, तिला एक लाकडी चाक. चाकाच्या प्रत्येक फेरीला अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी ओढली जायची आणि सुटायची. पट्टी म्हणजे खरं तर दोन तुकडे, टोकाला टोक ठेवून डिंकानं चिकटवलेले. साधा डिंक नव्हे. दोन नळ्यांतून काढून, कालवून लावायचा तो, धातूसाठीचा. चाकाला लावलेला खिळा दर फेरीला कॅल्क्युलेटरचं 'बरोबर'चं बटण दाबायचा आणि आकडा एकानं वाढायचा. ही युक्ती माझी. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात हीच बघून सगळे गार होणार, अशी माझी खात्री होती.

"किती?" सरांनी विचारलं.

"तेवीसशे दहा! आणि कोरड्या कपाटातली तीस हजारांवर गेली तरी तुटली नव्हती, आपणच थांबवली. कसला मस्त फरक आहे ना सर?"

सर हात धुऊन आले. त्यांनी तुटलेले दोन तुकडे उचलून उजेडात धरले. मग त्यांचा चेहरा जरासा बदलला.

"हे बघ. डिंक फाटलेला नाही. सुटलाय. एका तुकड्यावर सगळा डिंक, दुसरा तुकडा कसा लख्ख. घासून ठेवलेल्या ताटासारखा."

"म्हणजे?"

"म्हणजे दमट हवा कडेकडेनं आत शिरली. त्यात उष्णता. डिंक मऊ पडला आणि धातूवरची त्याची पकड गेली. बाहेरून काही दिसत नाही यातलं."

"पण सर, काल मी हिलाच पाण्यानं भरलेली बादली टांगली होती. आरामात धरली तिनं!"

"एकदा धरेल. अजूनही धरली असती कदाचित. पण ओढ-सोड, ओढ-सोड झाली की आत थोडं थोडं सुटत जातं. एकदाचं वजन पेलणं वेगळं, रोजचं पेलणं वेगळं." सरांनी तुकडे माझ्या हातात दिले. "ही कुठं टांगली होतीस तीन आठवडे?"

"आईच्या काजू फॅक्टरीत. वाफेच्या कुकरच्या वर, जिथं..."

हातातला एक तुकडा फरशीवर पडला.

कारण त्या कुकरला लावलेल्या शिडीची तिसरी पायरी मी चिकटवली होती. त्याच डिंकानं. पट्टी टांगली त्याच रविवारी.

हे मी आता बारावीत असताना लिहितेय, तेव्हा मी नववीत होते. त्याआधी आठवीपर्यंत मी आईचा डबा द्यायला फॅक्टरीत गेले तरी फाटकाबाहेर उभी राहायचे. आतल्या बायका "काय गो हर्षू" म्हणाल्या की ओढणीचं टोक चावत खाली बघायचे. मग नववीत गवस सरांनी मला प्रदर्शनासाठी निवडलं आणि मला अशी काही वाचा फुटली की विचारू नका. कोणी काही विचारायच्या आत मी उत्तर द्यायचे.

दसऱ्याच्या आधी शिडीच्या तिसऱ्या पायरीचे रिव्हेट निघाले. अ‍ॅल्युमिनियमची शिडी, आमच्या गावात तिला वेल्डिंग होत नाही, कुडाळला न्यावी लागते. दोन दिवस काम बंद. फॅक्टरीचे मालक दाजीशेठ कपाळाला हात लावून बसले होते. मी प्रयोगाच्या पट्ट्या टांगायला आले होते.

"शेठ, मी चिकटवतंय," मी म्हटलं. "विमानाचे पत्रे चिकटवतत असल्या डिंकान!"

विमानाचं मी वर्गात ऐकलं होतं. खोटं नव्हतंच ते. पायरीच्या दोन्ही टोकांना खालून मी पट्ट्या चिकटवल्या, दगडानं दाबून ठेवल्या. सोमवारी फिलूमावशी त्या पायरीवर चढली. फिलूमावशी म्हणजे फिलोमिना, काजू कापायच्या यंत्रावर आईच्या शेजारी बसते, वजन ऐंशी किलो, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. ती चढली आणि चढून नाचली. वर आणखी एकीला ओढून घेतलं. पायरी जरासुद्धा हलली नाही. "वेल्डिंगचो बाप!" फिलूमावशी ओरडली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा आईनं झेंडूची एक माळ त्या पायरीला बांधली. तेव्हापासून तिचं नाव 'हर्षूची पायरी'.

आणि कटरवर बसायची तरी कुकर भरायचं काम आईचंच होतं. डोक्यावर सोळा किलोची टोपली घेऊन वर चढायचं, कुकरच्या तोंडात काजूबी ओतायच्या, उतरायचं.

मी खडू घेतला आणि फळ्यावर आकडे लिहायला लागले.

"काय करतेस, हर्षाली?"

"एक कुकर म्हणजे दहा टोपल्या. पहिले दहा दिवस रोज सहा कुकर. म्हणजे साठ वेळा. दिवाळीची ऑर्डर आल्यापासून आठ दिवस रोज नऊ कुकर, नव्वद वेळा. सहाशे आणि सातशे वीस. चढताना पाय पडतो, उतरताना पडतो..." मी गुणाकार केला. "दोन हजार सहाशे चाळीस."

फळ्यावर दोन हजार सहाशे चाळीस. कॅल्क्युलेटरवर दोन हजार तीनशे दहा.

मी सरांना सगळं सांगितलं. "पट्टी आणि पायरी एक नव्हे," ते म्हणाले. "पायरीला चिकटायला जागा जास्त आहे, डिंक जास्त आहे. आकडा असा जुळवता येत नाही."

"म्हणजे तुटणार नाही ना?"

"मला माहीत नाही."

सरांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी लगेच दाजीशेठना फोन लावला. बिझी. आईचा लावला. तो वाजत राहिला, कारण कामाच्या वेळी सगळ्या बायकांचे फोन ऑफिसच्या खणात असतात. पुन्हा शेठ. पुन्हा बिझी. दिवाळीच्या दिवसांत व्यापाऱ्यांचे फोन संपतात कुठे!

"मी लावत राहतो," सर म्हणाले. "माझी गाडी आज..."

मी पुढचं ऐकलंच नाही. सायकल काढली आणि निघाले.

चार किलोमीटर. ऑक्टोबरचं ऊन, वारा नाही, अंगाला शर्ट चिकटलेला. श्वास घेतला तरी ओला लागत होता. एरवी मी म्हटलं असतं, काय उकडतंय! त्या दिवशी एकच गोष्ट डोक्यात होती. ही हवा, हीच हवा, तिथं कुकरपाशी याच्या दसपट आहे, आणि ती आत शिरतेय. माझे पाय पेडलवर पडायचे आणि मी मोजत होते. थांबवायचं म्हटलं तरी मोजणं थांबेना. प्रत्येक आकड्याला मला आईचा पाय दिसायचा. भेगा पडलेली टाच, चांदीची जोडवी, तिसरी पायरी. एकशे बारा. एकशे तेरा. वळणावर चेन निघाली. ती बसवताना मी रडत होते, पण मोजत होते.

फाटकातून आत शिरले तेव्हा यंत्रांचा खटखट आवाज चालू होता. म्हणजे काही झालेलं नाही. काही झालं असतं तर यंत्रं थांबली असती. असा विचार करत मी कुकरच्या शेडकडे पळाले.

आई वर होती.

पाचव्या पायरीवर उभी, डोक्यावर टोपली, समोर कुकरचं उघडं तोंड, त्यातून पांढरी वाफ तिच्या गळ्यापर्यंत येत होती. एका बाजूला वाफेचा गरम पाइप. खाली सिमेंटची जमीन.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले तर ती दचकेल. दचकली तर पाय मागे घेईल. गेली तीन वर्षं मला कोणी विचारलं की सगळ्यात जास्त भीती कधी वाटली, तर मी तेच सांगते. आई समोर आहे आणि आईला हाक मारता येत नाही.

तिनं टोपली रिकामी केली. मगच मी हळू आवाजात म्हटलं, "आई. खालती येव नको."

तिनं मान वळवली. "हर्षू? शाळा सोडून हंय कित्याक इलंस?"

"हलू नको. तशीच रव. ती पायरी तुटतली."

"खंयची पायरी?"

"माझी."

टोपल्या भरून देणाऱ्या दोघी हसल्या. फिलूमावशी हात पुसत कटरवरून उठून आली. "काय झाला गो? भूत बघितल्यासारखा तोंड कित्याक?"

"मावशी, पायरी तुटतली. वाफेन डिंक सुटता. मी शाळेत बघलंय. माझी पट्टी तुटली."

"अगो, त्याच पायरेर मी नाचलंय! माझ्यान तुटली नाय ती तुझ्या आवशीन तुटतली? ती तर काडी."

"तेव्हा नाय तुटली. आता तुटतली. मी चुकलंय, मावशी. मी चुकलंय!"

मी रडत होते की ओरडत होते ते मला आठवत नाही. फॅक्टरीत सगळ्यांसमोर "मी चुकले" म्हणायला लागेल हे कालपर्यंत स्वप्नातही आलं नसतं. पण मला लाज वाटायलाही जागा उरली नव्हती, सगळी भीतीनंच भरली होती.

आई वरून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता विचारेल, कसं काय, कशावरून. तिनं काही विचारलं नाही. रिकामी टोपली खाली टाकली, साडी गुडघ्याशी खोचली, दोन्ही हातांनी शिडीच्या बाजू धरल्या. चौथ्या पायरीवर आली. मग तिसरी ओलांडून तिनं पाय सरळ दुसरीवर टाकला. एवढं लांब पाऊल, पण अडखळली नाही, चाचपडली नाही. पुढच्या क्षणी ती जमिनीवर होती आणि मी तिच्या कमरेला मिठी मारली होती. तिचं अंग वाफेनं ओलं आणि तापलेलं होतं.

एवढ्यात दाजीशेठ आले. "काम कित्याक थांबला? कुकर गरम आसा, अजून सा टोपले रवले!"

मी सांगितलं. पट्टी, आकडा, लख्ख तुकडा. सगळं एका दमात, उलटसुलट. शेठनी शिडीकडे बघितलं, पायरी हातानं दाबली, हलवली. मग स्वतःच तिच्यावर उभे राहिले. दोन्ही पाय ठेवून, एकदा दणका देऊन.

पायरी ढिम्म.

"बघ," शेठ म्हणाले. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "तुझा काम पक्का आसा गो चेडवा. उगीच घाबरलंस. प्रमिला, चल. दिवाळेची ऑर्डर आसा."

आईनं टोपलीकडे हात नेला.

"नको!" मी टोपली धरून ठेवली. "शेठ, एकदा उभा रवान समजणा नाय. परत परत चढाक होया. माका अर्धो तास द्या. फक्त अर्धो तास. नाय तुटली तर मी परत कधी काय बोलूचंय नाय."

आता आठवलं की हसू येतं, कारण तेव्हा मला वाटत होतं की यापेक्षा मोठं मी काही पणाला लावूच शकत नाही.

शेठनी घड्याळ बघितलं. फिलूमावशी म्हणाली, "शेठ, अर्ध्या तासात कुकर काय थंड जाणा नाय. चेडवाचो जीव तरी थंड होतलो."

आम्ही काजूची भरलेली पोती ओढून शिडीखाली रचली. एकावर एक, तिसऱ्या पायरीच्या खाली चार बोटं जागा सोडून. पायरी गेलीच तर पाय पोत्यावर पडेल. बाजूला आणखी दोन पोती, चढायला. मग फिलूमावशीनं डोक्यावर भरली टोपली घेतली, एका हातानं शिडी धरली, आणि पायरीवर पाय ठेवला, काढला. ठेवला, काढला.

"मोजा गो सगळी!" ती म्हणाली. "माझ्या सासरच्यांनी माका येवढा चढवूक नाय कधी!"

बायका हसत मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. वीसपर्यंत चेष्टा चालू होती. पन्नासला फिलूमावशीला घाम फुटला, तिनं टोपली दुसरीला दिली. ऐंशीला हसणं थांबलं. शंभरला शेठ म्हणाले, "पुरे आता." कोणी थांबलं नाही. मी पायरीसमोर उकिडवी बसले होते, डोळे डिंकाच्या रेघेवर. रेघ तशीच होती, पहिल्या दिवशी होती तशी, पिवळसर, गुळगुळीत, निर्दोष. मला वाटायला लागलं, खरंच मीच वेडी. आणि लगेच वाटलं, देवा, वेडीच असू दे मला.

एकशे अठ्ठावीस. एकशे एकोणतीस.

टक्.

एवढाच आवाज. काजूबी कटरमध्ये फुटते ना, तेवढाच. पायरीचं डावं टोक सुटलं, पायरी कलंडली आणि टोपली घेतलेल्या तिसऱ्या बाईचा पाय पोत्यावर आपटला. ती बसली तिथंच. टोपली उलटी झाली, काजूबी सगळ्या शेडभर घरंगळत गेल्या. कोणी उचलायला वाकलं नाही.

चिकटवलेली पट्टी मी हातात घेतली. एका बाजूला डिंकाचा अख्खा थर. आणि पायरीचं टोक लख्ख.

ऑफिसात फोन वाजला. शेठनी जाऊन उचलला आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा होता. "गवस सर होते," ते म्हणाले. "सांगतत, शिडयेर कोणाक चढूक देव नको."

त्या दिवशी काम बंद झालं. शेठनी बाजारातून लोखंडी शिडी आणायला टेम्पो पाठवला. संध्याकाळी मी सायकल हातात धरून आईबरोबर घरी चालत निघाले. भीती अजून पुरती गेली नव्हती, आणि त्यातच आतून थोडं बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मी वेळेवर पोचले होते. माझा हिशेब बरोबर निघाला होता.

"आई," मी म्हटलं, "तू कशी झटकन उतरलंस! माका वाटला, वाद घालतलंस."

आईनं पदरानं मान पुसली.

"आणि ती पायरी ओलांडूक तुका जमला कसा? साडी नेसान?"

ती चालत राहिली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "चार दिस ओलांडतंय मी ती."

माझी सायकल थांबली.

"चार दिस हलत होती. जराशी. दुसऱ्या कोणाक कळाचा नाय. माझ्या पायाक कळला. उतरताना मी ती सोडून देत होतंय. चढताना मात्र डोक्यार वजन, तेव्हा ओलांडूक जमना नाय."

"चार दिवस? आणि सांगलंस नाय? शेठांक नाय, माका नाय?"

"काय सांगू?" आई म्हणाली. "सगळी 'हर्षूची पायरी, हर्षूची पायरी' म्हणत. तू इतकी वर्षां फाटकाभायर उभी रवणारा चेडू. पयल्यांदाच मान वर करून आत इलेलंस. म्हटला, दिवाळी होवंदे. मगे शेठांक सांगान, शिडी जुनी झाली."

चार दिवस. नव्वद गुणिले चार. तीनशे साठ वेळा ती त्या पायरीवर चढली होती, हलतेय हे माहीत असताना. माझ्या फळ्यावरच्या हिशेबात ही गोष्ट कुठंच नव्हती.

मी सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि आईला खूप ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. ती ऐकून घेत उभी राहिली. मग सायकल उचलून तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बरा, आता काय हलला तर सांगतंय."

तीन वर्षं झाली. लोखंडी शिडी भक्कम आहे, तिला कुडाळहून आलेल्या माणसानं वेल्डिंग केलंय, दर महिन्याला शेठ स्वतः तपासतात. मी अजून डबा घेऊन जाते, थेट शेडपर्यंत जाते, मोठ्यानं बोलते. आणि आईला उतरताना बघते. चौथी पायरी. मग पाय लांब होतो, साडी ताणली जाते, आणि ती तिसरी ओलांडून दुसरीवर येते.

"आई, काय हलता काय?" मी खालून विचारते.

"नाय गो," ती म्हणते. "पायाक सवय झाली."

मग मी स्वतः तिसऱ्या पायरीवर चढते, उतरते, परत चढते आणि बघते.